नळी आधी, गिअरबॉक्स नंतर

अलीकडच्या अनेक मोटारींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल पाहायला डिपस्टिकच नसते. तेल जन्मभर पुरेल, असं सांगून कंपन्यांनी ती काढून टाकली. जुन्या अमेरिकी गाड्या सांभाळणाऱ्यांना हे फार लागतं, कारण त्यांची निम्मी तपासणी तिथूनच सुरू व्हायची.

1940च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. मधली वर्षं सोडून देऊ. 1964च्या कॅडिलॅक आणि ब्यूइकमध्ये टर्बो-हायड्रामॅटिक 400 बसला, त्याच्या कुशीला व्हॅक्यूम मॉड्युलेटर होता: पत्र्याची छोटी डबी, आत रबरी पडदा आणि इनटेक मॅनिफोल्डपर्यंत गेलेली नळी. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असला की व्हॅक्यूम जास्त, गिअर लवकर आणि अलगद पडणार. पाय दाबला की व्हॅक्यूम घटतो, तेलाचा दाब वाढतो, गिअर उशिरा आणि जोरात पडतो.

सत्तरच्या दशकात या नळीचे हाल झाले. 1970च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर प्रदूषण रोखण्यासाठी बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं वाढत गेलं. इंजिनच्या धगीने रबर कडक होई, चिरे. हवा शिरली की गिअरबॉक्स सपाट रस्त्यावरही चढावर असल्यासारखा वागे, हिसके देई. अशा वेळी नळीला हातही न लावता ओव्हरहॉलचा आकडा सांगणाऱ्या गॅरेजवाल्यांना माफी नाही.

कारण तपासणी काही मिनिटांची आहे. मॉड्युलेटरवरची नळी उपसायची. आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटलाय. तेच तेल इंजिनात ओढलं जाऊन जळतं, मागून पांढरा धूर निघतो, आणि जमिनीवर थेंब नसताना डिपस्टिकवरची पातळी उतरते. नळी कोरडी असेल तर हातपंपाने 15 ते 20 इंच व्हॅक्यूम द्यायचा. काटा स्थिर राहिला तर पडदा शाबूत. मग इंजिन चालू करून नळीच्या टोकाला गेज लावायचा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला साधारण 17 ते 21 इंच दाखवतं. मॅनिफोल्डपाशी तेवढा आणि इथे कमी, तर गळती वाटेतच कुठेतरी.



पुढे 1982च्या 700आर4 गिअरबॉक्समध्ये मॉड्युलेटरची जागा केबलने घेतली, 1991च्या 4एल80-ईमध्ये संगणकाने. स्कॅनरवर शिकलेल्या पोरांना 1972च्या गाडीखाली ही नळी कुठे जाते, हे कुणी दाखवलेलंच नाही. टर्बो 400चा मॉड्युलेटर एका बोल्टवर निघतो, नवा आजही मिळतो. तरी मालकाला अख्खा गिअरबॉक्स उतरवायला सांगतात.