‘बहात्तर तास’ नेमके कधीपासून? : कोविडकाळातील आंतरराष्ट्रीय प्रवास आणि चाचणीचे नियम

प्रस्तावना :

परदेशी जाणाऱ्या माणसाकडे त्याच्या प्रकृतीचा दाखला मागण्याची प्रथा जुनी आहे. पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड आजही अनेक देशांत प्रवेश करताना दाखवावे लागते. त्या कार्डाचा नमुना जगभर एकच असून त्यावरील रकाने ठरलेले आहेत. २०१६ पासून त्याची मुदतही आयुष्यभराची झाली आहे. कोविड-१९ च्या साथीत, म्हणजे स्थूलमानाने २०२० ते २०२३ या काळात, प्रवाशांकडून जो चाचणी अहवाल मागितला गेला त्यास यांपैकी एकही सोय लाभली नाही. कोणती चाचणी, किती तासांतील आणि कोणत्या प्रयोगशाळेची, हे प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे ठरविले. ठरविलेले नियम पुढे अनेकदा, काही वेळा तर आठवड्याभरातच, बदलले.

हे नियम आज बहुतेक सर्व देशांनी मागे घेतले आहेत. तरीही त्यांची रचना समजून घेणे अध्यापकवर्गास निरुपयोगी ठरू नये. परदेशी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास शिफारसपत्र देण्यापासून परिषदेस जाणाऱ्या सहकाऱ्याच्या रजेपर्यंत अनेक बाबी आपल्याच टेबलावरून जातात, आणि अशा नियमांची गरज पुन्हा कधी भासणारच नाही असे कोणी म्हणणार नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, प्रवाशांची खरी अडचण वैद्यकीय स्वरूपाची फारशी नव्हती. ती होती मुदतीच्या व्याख्येची आणि कागदाच्या ओळखीची. चाचणी निर्दोष, प्रकृती निर्दोष, आणि तरीही प्रवास रद्द, असे घडू शकत होते.

चाचणी काय सांगते?

आरटी-पीसीआर ही चाचणी नाकातील व घशातील स्रावात विषाणूचा जनुकीय अंश आहे किंवा नाही, एवढेच सांगते. तेही नमुना घेतला त्या क्षणापुरते. संसर्ग नुकताच झाला असेल तर विषाणूची संख्या अल्प असते व चाचणी निगेटिव्ह येते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये अनेक अभ्यासांतील माहिती एकत्र करून असे दाखविले की, संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी चुकीने निगेटिव्ह येण्याची शक्यता जवळजवळ १०० टक्के असते, चौथ्या दिवशी ती ६७ टक्के व आठव्या दिवशी सुमारे २० टक्के असते. याच्या उलट प्रकारही घडतो. आजारातून पूर्ण बरा झालेला माणूस काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, पॉझिटिव्ह येत राहू शकतो; कारण विषाणूचे निष्क्रिय अवशेष शरीरात शिल्लक असतात.

म्हणूनच काही देशांनी बऱ्या झालेल्यांसाठी वेगळी वाट ठेवली. अमेरिकेने ९० दिवसांतील जुना पॉझिटिव्ह अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र ग्राह्य धरले. कॅनडाने २०२१ च्या उत्तरार्धात १४ ते १८० दिवसांपूर्वीचा पॉझिटिव्ह अहवाल स्वीकारला. ज्या अहवालाने घरी बसविले, तोच काही महिन्यांनी प्रवेशपत्र ठरला. नियमांची ही बाजू अनेक प्रवाशांना ठाऊकच नव्हती, हे खेदाने नमूद करावे लागते.

मुदतीचे गणित :

नियमाच्या मजकुरात ‘७२ तास’ हे शब्द सोपे वाटतात. परंतु तास मोजावयाचे तर आरंभ आणि शेवट असे दोन बिंदू हवेत आणि दोन्ही बिंदूंविषयी मतभेद होता. भारतीय प्रयोगशाळेच्या अहवालावर सामान्यतः तीन वेळा छापलेल्या असतात : नमुना घेतल्याची, नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि अहवाल दिल्याची. बहुतेक देश पहिली वेळ धरीत. प्रवासी मात्र अहवाल हाती आला तेव्हापासून मोजू लागे. तालुक्याच्या गावी दिलेला नमुना तपासणीसाठी मोठ्या शहरात जात असेल तर या दोन वेळांत एक-दीड दिवसाचे अंतर सहज पडत असे.

शेवटचा बिंदू अधिक फसवा होता. भारताने प्रवास सुरू करण्यापूर्वीचे ७२ तास धरले. कॅनडाने, मध्ये थांबा असल्यास, कॅनडाकडे थेट जाणाऱ्या शेवटच्या विमानाच्या नियोजित वेळेपासून मागे मोजले. या फरकाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या विद्यार्थिनीने सोमवारी सकाळी १० वाजता पुण्यात नमुना दिला. गुरुवारी पहाटे साडेचार वाजता ती मुंबईहून निघाली. तेव्हा ६६ तास ३० मिनिटे झाली होती आणि अहवाल वैध होता. आखातातील एका विमानतळावर उतरून पुढचे विमान तिला स्थानिक वेळेनुसार साडेनऊ वाजता घ्यावयाचे होते. घड्याळात अजून दहा वाजलेले नाहीत, म्हणून ती निश्चिंत. परंतु तेथील घड्याळ भारताच्या दीड तास मागे. भारतीय वेळेनुसार अकरा वाजलेले असतात आणि अहवालाचे वय ७३ तास होते. पहिल्या विमानापासून मोजणाऱ्या नियमात ती पुढे जाते. शेवटच्या विमानापासून मोजणाऱ्या नियमात ती परक्या विमानतळावर अडकते.

याबाबतीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा नियम अधिक समंजस होता, असे आमचे मत आहे. २६ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या त्या आदेशात तासांऐवजी ‘तीन दिवस’ असे शब्द होते. गुरुवारच्या विमानासाठी सोमवारचा कोणत्याही वेळेचा नमुना चालत असे. ओमायक्रॉन आल्यावर ६ डिसेंबर २०२१ पासून ही मुदत एक दिवसावर आली; तेथेही ‘२४ तास’ न म्हणता ‘एक दिवस’ असेच म्हटले होते. विमानास उशीर झाला तर प्रवाशाचा दोष नसताना अहवाल बाद होऊ नये, हा त्यामागील विचार होता. ही अट १२ जून २०२२ रोजी रद्द झाली.

कोणाचा अहवाल, कोठील अहवाल?

मुदत जुळली तरी अहवाल कोणी दिला हा प्रश्न उरतोच. बनावट अहवालांचे प्रकार उघडकीस आल्यावर संयुक्त अरब अमिरातीने अहवालावर क्यूआर कोड असावा अशी अट घातली. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतातून दुबईस जाणाऱ्या निवासी परवानाधारकांस ४८ तासांतील आरटी-पीसीआर अहवालाखेरीज विमान सुटण्यापूर्वी अवघ्या काही तासांत विमानतळावरच जलद चाचणी करून घ्यावी लागे. ही मुदत प्रथम चार तासांची व पुढे सहा तासांची होती. सामान बांधून, घरच्यांचा निरोप घेऊन विमानतळावर आलेल्या माणसाचा प्रवास होणार की नाही, हे तेथील एका यंत्रावर ठरे. आखातात नोकरीवर परतणाऱ्या कामगारास दोन चाचण्यांचा खर्च आणि तिकीट बुडण्याची धास्ती, दोन्ही सोसावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही विमानतळावरील अट मागे घेण्यात आली.

कॅनडाचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. २२ एप्रिल २०२१ पासून भारतातून थेट विमाने बंद झाली. अन्य मार्गाने येणाऱ्याने मधल्या एखाद्या तिसऱ्या देशात चाचणी करून यावे, भारतातील अहवाल चालणार नाही, असा नियम झाला. सप्टेंबरचे सत्र तोंडावर आलेले विद्यार्थी मेक्सिको, सर्बिया, इजिप्त अशा देशांतून, तेथे मुक्काम करून, तेथील प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन निघाले. त्या देशांचे व्हिसा आणि त्यांचे स्वतःचे चाचणी-नियम हा आणखी एक गुंता होता. २७ सप्टेंबर २०२१ रोजी थेट विमाने सुरू झाली तेव्हा त्यांसाठी दिल्ली विमानतळावरील एकाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, विमान सुटण्यापूर्वीच्या १८ तासांतील अहवाल सक्तीचा झाला. नागपूर वा कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास त्यामुळे आधी दिल्ली गाठून तेथे चाचणी, प्रतीक्षा आणि मगच प्रस्थान असा क्रम स्वीकारावा लागला. महाराष्ट्रात आरटी-पीसीआरचा दर २०२० च्या मार्चमधील ४,५०० रुपयांच्या कमाल मर्यादेवरून २०२१ च्या एप्रिलपर्यंत ५०० रुपयांपर्यंत उतरला होता. पण स्वस्त झालेली चाचणी ज्याच्या गावी होत होती, त्याला ती उपयोगी पडत नव्हती.

चीनने नोव्हेंबर २०२० पासून अनेक देशांतील प्रवाशांसाठी दुहेरी अट घातली : आरटी-पीसीआर निगेटिव्ह आणि रक्तातील आयजीएम प्रतिपिंडेही निगेटिव्ह. ही प्रतिपिंडे लस घेतल्यानंतरही काही काळ आढळू शकतात. अर्थात, लसवंत माणूस लसीमुळेच अपात्र ठरण्याचा संभव होता.

प्रमाणपत्राची ओळख :

लसीकरण वाढले तसे अनेक देशांनी लस घेतलेल्यांना चाचण्यांतून सवलत दिली. येथे वादाचा विषय चाचणीकडून प्रमाणपत्राकडे सरकला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाचीच लस. या संस्थेकडून ब्रिटनने स्वतः सुमारे ५० लाख मात्रा घेतल्या होत्या. तथापि ४ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या ब्रिटिश नियमांत कोविशील्डला मान्यता असूनही भारतात दिलेल्या प्रमाणपत्रास मान्यता नव्हती. परिणामी दोन्ही मात्रा घेतलेला भारतीय प्रवासी लस न घेतलेल्यांत मोडला. प्रस्थानापूर्वीची चाचणी, दुसऱ्या व आठव्या दिवशीच्या चाचण्या आणि दहा दिवसांचे विलगीकरण त्याच्या वाट्यास आले. भारताने त्याच दिवसापासून ब्रिटिश नागरिकांवर तशाच अटी घातल्या. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने कोविशील्डचे भारतीय प्रमाणपत्र मान्य केले आणि भारतानेही प्रत्युत्तरादाखल घातलेल्या अटी काढून घेतल्या.

वादाच्या तपशिलात एक लहानशी पण शिकण्यासारखी बाब आहे. कोविन प्रमाणपत्रावर तोपर्यंत केवळ वय वा जन्मवर्ष दिसे. पूर्ण जन्मतारीख नसे. परदेशी जाणाऱ्यांसाठी ती दाखविण्याची सोय सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस झाली. त्याआधी ७ जून २०२१ च्या केंद्रीय सूचनेनुसार विद्यार्थी, नोकरीसाठी जाणारे व ऑलिंपिक चमूतील सदस्य यांना कोविशील्डची दुसरी मात्रा ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर देण्याची आणि प्रमाणपत्रास पासपोर्ट क्रमांक जोडण्याची मुभा मिळाली होती. आपल्याकडे आधार कार्डावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचे नाव मधोमध, तर गुणपत्रिकेवर तिसरेच असा प्रकार विरळा नाही. चाचणी अहवालावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे, ही अट त्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना विशेष जाचक होती.

परतीची वाट :

भारतात येणाऱ्यांसही ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर ७२ तासांतील अहवाल व स्वयंघोषणापत्र भरावे लागे. ओमायक्रॉनच्या वेळी १ डिसेंबर २०२१ पासून जोखमीच्या देशांतून आलेल्यांना विमानतळावर चाचणी देऊन निकालापर्यंत थांबणे, सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी फेरचाचणी अशी सक्ती झाली. याच सुमारास महाराष्ट्र शासनाने ३० नोव्हेंबरला केंद्रापेक्षा कडक आदेश काढला. त्यात मुंबईत उतरणाऱ्या सर्वच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची चाचणी आणि निगेटिव्ह असले तरी १४ दिवसांचे गृहविलगीकरण होते. केंद्रीय आरोग्य सचिवांनी दुसऱ्याच दिवशी पत्राने हरकत घेतली आणि राज्याने आदेश सौम्य केला. दरम्यान जी विमाने हवेत होती, त्यांतील प्रवासी निघाले एका नियमाखाली आणि उतरले दुसऱ्याखाली. ‘एअर सुविधा’ची सक्ती २२ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. चीन, जपान आदी सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी ती १ जानेवारी २०२३ पासून परत आली आणि फेब्रुवारीत पुन्हा उठली.

निर्णय कोणाचा?

नियम सरकारचा असला तरी त्याचा अर्थ प्रत्यक्षात विमान कंपनीच्या काउंटरवरील कर्मचारी लावीत असे. अपात्र प्रवासी नेल्यास दंड व परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो. त्यामुळे शंका आल्यास नाकारणे हाच तिचा सुरक्षित मार्ग. कर्मचारी ज्या माहितीसंचात पाहून निर्णय देतात तो ‘टिमॅटिक’ हा विमान वाहतूक संघटनेचा संच होय. दूतावासाचे संकेतस्थळ काहीही म्हणो, विमानात बसणे या संचातील नोंदीवर अवलंबून होते. नकार मिळालेल्या प्रवाशास तेथेच दाद मागण्याची व्यवस्था कोठेही नव्हती, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर उणीव आम्हास वाटते.

आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम २००५ यांतील ४३ वे कलम अशा जादा उपायांना परवानगी देते; पण उपलब्ध पर्यायांपेक्षा ते अधिक जाचक नसावेत आणि तीन महिन्यांत त्यांचा फेरविचार व्हावा, असे बंधनही घालते. ४० व्या कलमानुसार, वास्तव्यासाठी येणाऱ्यांचा अपवाद वगळता, प्रवाशाच्या वैद्यकीय तपासणीचे शुल्क आकारता येत नाही. प्रत्यक्षात आगमनानंतरच्या चाचणीचेही पैसे प्रवाशांनीच भरले, आपल्या देशातसुद्धा. १ जून २०२४ रोजी जागतिक आरोग्य सभेने या विनियमांत दुरुस्त्या स्वीकारल्या आणि त्या न नाकारणाऱ्या देशांसाठी १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या आहेत. आरोग्यविषयक कागदपत्रे आता डिजिटल स्वरूपातही ग्राह्य ठरू शकतील, अशी तरतूद त्यांत आहे. अहवालाची मुदत कोणत्या क्षणापासून आणि कोणत्या देशाच्या घड्याळाने मोजावी, याविषयी त्यांत एक अक्षरही नाही.