क्रमांकाला जागा किती?

महाविद्यालयाच्या प्रवेशपुस्तकात प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो. नावे दोघांची सारखी असू शकतात, क्रमांक नाही. संगणकाच्या डेटाबेसमध्ये अशा क्रमांकास ‘प्रायमरी की’ म्हणतात. कागदावर आकडा हवा तेवढा लांबवता येतो. संगणकात मात्र त्याची जागा आधीच राखावी लागते. ती किती राखावी, हा प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही.

ही जागा बाइटांत मोजतात. निम्मा वाटा ऋण संख्यांसाठी सोडला, तर एका बाइटात १२७ पर्यंत, दोहोंत ३२,७६७ पर्यंत आणि चारांत २,१४,७४,८३,६४७ पर्यंत मोजता येते. बुलढाणा जिल्ह्याचे तालुके १३. त्यांना एक बाइट पुष्कळ झाला. हजारावर गावांना दोन पुरतात. माणसे मात्र २०११ च्या जनगणनेत २५,८६,२५८ भरली. तेथे चार हवेत. भारताची त्या वेळची १२१ कोटी लोकसंख्याही चारांत बसते. पण क्रमांक केवळ हयात माणसांनाच लागतात असे नाही. मृताचा क्रमांक नवजात बालकास देता येत नाही. मर्यादा संपली की डेटाबेस पुढची नोंद नाकारतो, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचे कारणही धड कळत नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक वाटले गेले. अंक बारा! शेवटचा अंक केवळ पडताळणीचा. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर त्यावरून चूक उघडी पडते. उरलेल्या अंकांतून गाव, जात, जन्मसाल काहीच कळत नाही, आणि ते मुद्दामच. असा बारा अंकी क्रमांक चार बाइटांत मावत नाही. आठ घेतले तर अठरा अंकी संख्याही सहज मावते.

मग आधार क्रमांकालाच ‘की’ करावे काय? माझ्या मते करू नये. ‘की’ एका तक्त्यात थांबत नाही. शुल्क, ग्रंथालय, परीक्षा, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक तक्त्यात ती उतरते. बँकेत चालणारा क्रमांक पुस्तकाच्या पावतीवर कशाला? आपला वेगळा, निरर्थक क्रमांक असावा. आधार लागलाच तर एकाच सुरक्षित तक्त्यात.

जिल्ह्यातील सर्वांसाठी चाराऐवजी आठ बाइट घेतले, तर एका तक्त्यात सुमारे १ कोटी बाइट वाढतात, म्हणजे मोबाइलवरील दोन-चार छायाचित्रांइतके. उलट भरलेल्या डेटाबेसमध्ये ‘की’ रुंदावायची, तर तिच्यावर विसंबलेला प्रत्येक तक्ता बदलावा लागतो, तोही पुष्कळदा काम बंद ठेवून.