पंचवीस फेऱ्या आणि कविता राऊत

दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, सोबत घोड्यांचा बाजार. घेणारा आधी दात बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, रवाल चाल चालवून बघतो आणि मग विचारतो, रक्त कुठलं? मारवाडी की काठेवाडी? घोड्यासाठी हे ठीक आहे. पण सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "आदिवासींच्या रक्तातच असतं पळणं."

या एका वाक्यात तिची सगळी मेहनत पुसली जाते. शाळेत ती अनवाणी पळायची, कारण पळायला काही विकत घ्यावं लागत नव्हतं. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षं घाम गाळला, तेव्हा कुठे पदकं आली.

दुसरा घोळ 'मॅरेथॉन' या शब्दाचा. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, रस्त्यावरची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कविता ती पळालीही. पण तिचं नाव झालं ते ट्रॅकवर, १०,००० मीटरमध्ये. म्हणजे ४०० मीटरच्या २५ फेऱ्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतलं तिचं कांस्य हे 'भारतीय महिलेचं पहिलं ॲथलेटिक्स पदक' असंही सांगतात. तेही चूक. अंजू बॉबी जॉर्जने २००२ मध्येच लांब उडीत कांस्य मिळवलं होतं. कविता राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला.

सगळ्यात मोठा गैरसमज घड्याळाचा. दिल्लीत तिला ३३ मिनिटं ५.२८ सेकंद लागले. दीड महिन्याच्या आत ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत! मग दिल्लीत ती कमी पडली का? अजिबात नाही. पदकाच्या शर्यतीत सहसा कुणी घड्याळाशी पळत नाही. सगळ्या जणी एकमेकींना जोखत, दम राखून पळतात आणि शेवटच्या फेऱ्यांत सुटतात. ब्रिटनच्या मो फराहने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधलं १०,००० मीटरचं सुवर्ण २७ मिनिटं ३०.४२ सेकंदांत जिंकलं, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा मिनिटभराहून सावकाश. आणि ग्वांगझूतल्या त्या वेगवान शर्यतीत कविताला मिळालं रौप्य. भारताचीच प्रीजा श्रीधरन एका सेकंदाहूनही कमी फरकाने पुढे होती.

पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांनी हा हिशेब करून बघावा. त्यांची धाव १६०० मीटरची, चार फेऱ्यांची. पहिलीत सुसाट सुटतात, तिसरीत पोट धरतात. ग्वांगझूत कविताची सरासरी फेरी साडेशहात्तर सेकंदांची होती. त्या वेगाने चार फेऱ्या ५ मिनिटं ६ सेकंदांत होतात. पुरुषांच्या भरतीत ५ मिनिटं १० सेकंदांना पूर्ण २० गुण मिळतात. कविताच्या तिथून पुढे अजून २१ फेऱ्या बाकी असत.