दह्याचा वास आणि आपले नाक



परवा नातीपुढे दह्याची वाटी ठेवली. चमचा तोंडाशी नेऊन ती म्हणाली, "आजी, याला कुबट वास येतोय!" मी वाटी नाकाशी धरली, मला काहीच कळले नाही. वॉर्डात नुसत्या वासावरून चिघळलेली जखम ओळखणारी मी! मन जरा खट्टू झाले.

विरजणातले जंतू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, त्याने दही आंबट होते. त्याबरोबर ते हवेत उडून जाणारे पदार्थही तयार करतात. ताज्या दह्याचा हिरव्या सफरचंदासारखा वास असेटाल्डिहाइडचा आणि लोण्यासारखा वास डायअसिटिलचा. दही ठेवून दिले की असेटाल्डिहाइड हळूहळू कमी होते, म्हणून जुन्या दह्याला तो ताजेपणा राहत नाही.

प्रयोगशाळेत हा वास मोजतात. थोडे दही बंद बाटलीत ठेवून कोमट करतात आणि दह्यावरची हवा सुईने काढून घेतात. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रातल्या लांब, बारीक नळीतून ती पुढे ढकलतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्याचे टोक उमटते. माहीत असलेल्या मापाच्या नमुन्याशी ताडून पाहिले की किलोमागे किती मिलिग्रॅम ते कळते.

पण हे माप स्वादाचे आहे, सुरक्षिततेचे नाही. रोगजंतूंची तपासणी वेगळी करावी लागते. लिस्टेरियासारखा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि खाण्याचा वास बिघडवत नाही. गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना तो फार घातक ठरतो. त्यात वयाबरोबर आपले नाकही मंदावते. म्हणून "वास बघितला, चांगला आहे" एवढ्यावर विसंबू नका.

• लेबेन, कोटेज, योगर्ट घेताना तारीख वाचा. अक्षर बारीक असेल तर चष्मा लावा.
• फ्रिज ४ डिग्री किंवा त्याहून थंड ठेवा.
• डब्यात उष्टा चमचा घालू नका.
• दह्याला बुरशी दिसली तर वरवर काढून खाऊ नका, सगळा डबा टाका.
• पाश्चराइज न केलेल्या दुधाचे चीज टाळा.

वास येणे अचानक बंद झाले किंवा हळूहळू फार कमी झाले, तर कुपत खोलिमच्या डॉक्टरांना सांगा. साध्या सर्दीनेही असे होते, पण कधी ते पार्किन्सनसारख्या आजाराचे पहिले लक्षण असते.

मी आता दह्याच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहिते. आणि नात घरी आली की तिचे नाक उसने घेते!