पोरांच्या अंगाचीही बांधणी वेळेवर हवी



उसाची मोठी बांधणी कधी करायची हे आपल्यातल्या कुणाला शिकवावे लागत नाही. लागण होऊन चार-साडेचार महिने झाले की बुंध्याला माती चढलीच पाहिजे. ती वेळ टळली तर पुढे कितीही खत टाका, वाऱ्यापावसात ऊस लोळायचा तो लोळतोच. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगाचेही तसेच आहे. हाडे, स्नायू, छाती, तोल यांचा पाया या वयात पडतो. उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या पोराचे हाड भरते. बसून राहणाऱ्याचे तितके भरत नाही. पुढे पंचविसाव्या वर्षी तालीम लावली तरी लहानपणाची सगळी कसर भरून निघत नाही.

पोरगं शाळेतून आलं की आपण विचारतो, "आज काय शिकलास? गणितात किती मार्क पडले?" पण "आज किती पळालास?" असे विचारणारा बाप आम्हांला तरी क्वचितच भेटतो. म्हणून या अंकात उसाचा विषय जरा बाजूला ठेवून प्राथमिक शाळेतल्या पीटीच्या तासाबद्दल चार गोष्टी बोलायच्या आहेत.

तेव्हा गरज नव्हती, आता आहे

आपल्या वेळी शाळा दोन-तीन मैल चालत. घरी आले की गुरे वळायची, शेतावर भाकरी पोचवायची, उन्हाळ्यात विहिरीत मुटके मारायचे. व्यायाम हा शब्द न उच्चारता व्यायाम होत होता. आज पोराला दारातून मोटारसायकलवर किंवा शाळेच्या गाडीतून नेतात, परत दारात सोडतात आणि संध्याकाळी हातात मोबाईल येतो. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण कष्टाबरोबर अंगाची हालचालही गेली आणि तिची जागा भरायला दुसरे काही आले नाही. पूर्वी शहरातल्या बैठ्या माणसाचा आजार म्हणून ज्याकडे बघत होतो, तो मधुमेह आता आपल्या वाड्यावस्त्यांवरही घरोघर ऐकू येतो. त्याची एक मुळी लहानपणीच्या या बैठकीत आहे.

याला दुसरी बाजूही आहे. हंगामात टोळीबरोबर येणारे ऊसतोड कामगाराचे पोर फडात वाढे गोळा करते, धाकट्या भावंडाला सांभाळते. त्याच्या अंगाला हालचाल भरपूर आहे, कमी आहे तो खेळ. काम आणि खेळ एक नव्हे. खेळात पोर हसते, हरते, पुन्हा उठते, चार जणांत मिसळते. तेव्हा आपल्या फडात टोळी उतरली की तिची पोरं गावच्या शाळेत बसतात का आणि मैदानात आपल्या पोरांबरोबर खेळतात का, एवढे बघणे आपल्या हाती आहे.

रोज किती?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेले माप सोपे आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी 60 मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट होतील असे काही करावे. लंगडी घाला, दोरीवरच्या उड्या मारा, झाडावर चढा, सगळे त्यात आले.

डोळ्यांचाही फायदा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला, बाकीच्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या 39.5 टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले. उघड्यावर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण 30.4 टक्के राहिले. जादा खर्च काही नाही, फक्त मोकळा उजेड.

तास जातो कुठे?

वेळापत्रकात पीटीचा तास असतो. पण शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, नाहीतर गुरुजी माहिती भरण्यात अडकलेले असतात. गुरुजींना दोष देऊन भागणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि वर्गांना खेळाचे साहित्य हवे असे सांगितले आहे. मात्र पाचवीपर्यंत खेळाचा वेगळा शिक्षक त्यात नाही. वर्गाच्या गुरुजींनी किंवा बाईंनीच सगळे करायचे. गावाने पाठीशी उभे राहिल्याशिवाय हे जमणारे नाही.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी 2012 साली एक साधी गोष्ट सुरू केली. रोज 15 मिनिटे सगळी मुले वर्गाबाहेर येतात आणि आपापल्या गतीने पळतात किंवा चालतात. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही, साहित्य नाही. पुढे ही पद्धत अनेक देशांतल्या शाळांनी उचलली. तिथे पावसाळी थंडीत हे होते, तर आपल्याकडे सकाळच्या कोवळ्या उन्हात का होऊ नये?

खेळ आपलेच आहेत

लंगडी, लगोरी, शिवाशिवी, सूरपारंब्या, खो-खो. यांना दुकानात जावे लागत नाही. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा पुरतात. याच खेळाची पहिली जागतिक स्पर्धा जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाली. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळत, मग धावू लागल्या आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालत-धावत जाई. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सुवर्णपदक आणले.

पण सांगायचा मुद्दा पदकांचा नाही. पदक लाखात एकाला मिळते, अंग मात्र प्रत्येकाला आयुष्यभर वागवायचे असते. खरी काळजी कडेला उभ्या राहणाऱ्या पोराची. जे जरा जड आहे, दम्याने त्रासले आहे, हळू पळते, ते पहिल्यांदा बाद होते आणि सगळा तास बसून काढते. म्हणजे ज्याला खेळाची जास्त गरज तोच कमी खेळतो. त्यावर उपाय म्हणजे लहान लहान गट करावेत आणि बाद झालेल्याला लगेच पुन्हा आत घ्यावे. मुलींचेही तसेच. चौथी-पाचवीत गेली की "आता पुरे झालं हुंदडणं" असे घरातूनच सुरू होते. सभासद भगिनींनी तरी हे वाक्य घरात उच्चारू देऊ नये.

मैदान मोकळे करा

आता थोडे कडू बोलतो. हंगाम आला की किती गावांत शाळेच्या मैदानावर ट्रॉल्या उभ्या राहतात! कुणाचा कडबा, कुणाची वाळू, कुणाच्या लग्नाच्या मांडवाचे खड्डे आणि काचा. मैदान सगळ्यांचे म्हणून ते पोरांचे उरत नाही. तेव्हा आमची विनंती अशी:

1. ट्रॉली, कडबा, बांधकामाचे सामान शाळेच्या मैदानावर ठेवू नये. ठेवले असेल तर हलवावे.

2. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस ट्रॅक्टर द्यावा. दगड, बाभळीचे काटे वेचून, मुरूम पसरून, रोलर फिरवून घ्यावा. कडेला सावलीची झाडे लावावीत.

3. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपणच. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी 5,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. ती आली का, कशावर खर्च झाली, हे बैठकीत विचारावे. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये असा ठराव करावा.

4. शाळा भरताना आणि सुटताना भरलेली ट्रॉली गावातून सावकाश न्यावी. रस्ता भीतीचा असेल तर कुठली आई पोराला चालत पाठवील?

5. घर जवळ असेल तर पोराला चालतच पाठवावे आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर बांधावरून एक फेरी स्वतःही मारावी. आपल्याही पोटाचा घेर त्याने जरा आटोक्यात येईल!

यात पैशाचा प्रश्न फारसा नाही, मनावर घेण्याचा आहे. गावातल्या चार सभासदांनी ठरवले तर यंदाच्या गाळपाला सुरुवात होण्याआधीच शाळेचे मैदान खेळण्याजोगे होईल.