घरगुती स्टिरिओत सबवूफरचा मेळ

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून ज्या पुणे शहरात भरत आला आहे, तेथील श्रोत्यास डग्ग्याचा घुमारा समजावून सांगावा लागत नाही. सदनिकेतील स्टिरिओवर मात्र तो एकतर हरवतो, किंवा सबवूफर जोडताच गायकावर कुरघोडी करतो. दोष बहुधा यंत्राचा नसून जोडणीचा व खोलीचा असतो.

फुल-रेंज स्पीकर जेथे क्षीण होऊ लागतात, तेथून खालचाच भाग सबवूफरकडे सोपवावा. ही सीमा सामान्यतः ८० हर्ट्झच्या आसपास येते. ती १५० हर्ट्झपर्यंत चढविल्यास पुरुषगायकाचा खर्ज सबवूफरच्या कोपऱ्यातून येऊ लागतो. (श्रोता मग आवाज कमी करतो, दोष तसाच राहतो.)

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरल्यास ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झचा स्थिर तरंग निर्माण होतो. त्यामुळे समोरासमोरच्या भिंतींपाशी तो नाद फुगतो, मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो; काँक्रीटच्या भिंती तो फारसा शोषीत नाहीत. म्हणून सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून भिंतीलगत फिरावे आणि जेथे खालचे स्वर सर्वांत समतोल ऐकू येतील तेथे तो कायम ठेवावा. त्यानंतर सीमेवरचा स्वर वाजवीत फेजची कळ फिरवावी. ज्या स्थितीत तो आसनावर अधिकाधिक भरीव ऐकू येईल, ती योग्य.