'नाचणी बिस्किट' लिहिलं म्हणजे गहू नाही असं नाही. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी पाकीट असं तपासा

डॉक्टरांनी 'गहू पूर्ण बंद' सांगितलं की घरातली चपाती थांबते. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, वरण यावर जेवण भागतं. खरी अडचण येते ती दुकानात टांगलेल्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांची. लेकरू हट्ट करतं, पाहुणे बिस्किटपुडा आणतात आणि पथ्य तिथंच मोडतं.

पथ्य एवढं कडक का?
सीलिअ‍ॅक आजारात गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणं, रक्त कमी होणं, मुलांची उंची-वजन न वाढणं असे त्रास होतात. ग्लुटेन आयुष्यभर बंद ठेवणं हाच यावरचा उपचार आहे. थोडं खाऊन त्रास जाणवला नाही तरी आत इजा होऊ शकते. त्यामुळे 'एका बिस्किटानं काय होतंय' हे इथं चालत नाही.

पुढचं चित्र नको, मागची यादी वाचा
पाकिटाच्या मागे 'इन्ग्रेडियंट्स' म्हणजे घटकांची यादी असते. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहिलेला असतो. पुढे नाचणीचं कणीस छापलेल्या बिस्किटात मागे पहिलं नाव मैद्याचं निघू शकतं. 'मल्टीग्रेन'चंही तसंच. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो, गव्हाबद्दल काही सांगत नाही.

अक्षर बारीक असेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. इंग्रजी वाचता येत नसेल तर गुगल लेन्सने भाषांतर होतं, पण शंका राहिली तर जाणत्याकडून वाचून घ्या. हे शब्द दिसले तर पाकीट परत ठेवा:

- व्हीट, व्हीट फ्लोअर, आटा (गहू, कणीक)
- रिफाइन्ड व्हीट फ्लोअर (मैदा)
- सेमोलिना, सुजी (रवा)
- बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट (जव आणि त्याचा अर्क)
- राय, ओट्स (ओट्सच्या पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' नसेल तर)

यादीखालची एक ओळ
यादीजवळ अ‍ॅलर्जीची सूचना असते. 'कन्टेन्स व्हीट' म्हणजे गहू आहेच. 'मे कन्टेन व्हीट' म्हणजे त्याच कारखान्यात गव्हाचे पदार्थ बनतात, अंश मिसळलेला असू शकतो. सीलिअ‍ॅक असलेल्याने दोन्ही टाळावं.

'ग्लुटेन फ्री' छापायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. 'लो ग्लुटेन' वेगळं. त्यात 20 ते 100 मिलिग्रॅम असतं. ते या रुग्णांसाठी नाही.

चव बदलली की मसाला बदलतो, कंपनी घटकही बदलते. म्हणून नेहमीचं पाकीट असलं तरी दर वेळी वाचा.

सुटा फरसाण आणि गिरणी
सुट्या शेव-चिवड्याला यादी नसते. शेव बेसनाची असली तरी ज्या कढईत मैद्याची शंकरपाळी आणि समोसे तळले, त्याच तेलात ती तळलेली असू शकते. विचारून खात्री होत नसेल तर न घेतलेलं बरं.

बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात मैदा असतो. त्यामुळे हिंगाची डबीही वाचा.

गव्हामागून त्याच जात्यावर ज्वारी दळली तर पिठात गहू येतो. ज्यांना जमेल त्यांनी छोटी घरगंटी फक्त बिनगव्हाच्या धान्याला ठेवावी. खपली गहू 'हलका' म्हणून दिला जातो, पण तोही गहूच. त्यात ग्लुटेन असतं.

निर्धोक खाऊ
घरी भाजलेले शेंगदाणे, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याचा गुळातला लाडू, उकडलेली रताळी हा खाऊ शाळेत डब्यात देता येतो. शिक्षक आणि अंगणवाडी ताईंनाही पथ्य सांगून ठेवावं.

आणि ज्यांना नुसता संशय आहे त्यांनी मनानेच गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर रक्ततपासणीत आजार लपू शकतो. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग पथ्य.